मामाची वही: ओल्ड स्कूल रुनस्केपचे पहिले वीस तास (प्रकल्प नोंदी)

३० एप्रिल २०२५, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आजपासून नोंदी ठेवतोय. काम असं: ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन खेळाचे पहिले वीस तास मराठीत सांगणारी एक वही तयार करायची. वाचक ठरलेली आहे. ताई आखाजीला माहेरी आली, भाचीही आली. ताई चार दिवसांनी शहाद्याला परत जाईल, भाची शाळा उघडेपर्यंत इथंच आहे. वय चौदा, मराठी शाळा, यंदा नववीत जाईल. इंग्रजी वाचते, पण वाक्य लांबलं की अडते. आणि खेळ सगळा इंग्रजीत.

मी हा खेळ २००६ ते २००८ खेळलो. नंतर सतरा वर्षं हात लावला नाही. म्हणजे नवखी ती आणि परत आलेला मी, दोघं एकाच दिवशी एकाच जागेवरून सुरुवात करणार.

वहीचा विचार मागच्या वर्षीचा. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. ठिबकचं दुकान भावकीतल्या पोराच्या भरवशावर टाकून मी तीनही दिवस पुस्तकांच्या गाळ्यांतून फिरलो. शेती, आरोग्य, पाककृती, स्पर्धा परीक्षा, सगळं होतं. ऑनलाइन खेळांवर मला एकही पुस्तक सापडलं नाही. ज्या गोष्टीत माझी उमेदीची दोन वर्षं गेली तिच्याबद्दल माझ्या भाषेत चार पानं नसावीत, हे मनाला लागलं.

दुपारी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. गल्लीत पत्त्यांचे डाव बसले, निंबाला झोका बांधला. आखाजीला खेळणाऱ्याला घरात कोणी बोल लावत नाही. सुरुवातीला याहून चांगला दिवस नाही.

१ मे

खाती उघडली, दोघांची वेगळी. एका खात्यावर दोघांनी खेळणं नियमात बसत नाही, आणि खात्यासाठी तेरा वर्षं पूर्ण लागतात. पासवर्ड तिनं स्वतः ठरवला. वहीच्या पहिल्या पानाची पहिली ओळ तिथंच लिहून टाकली: पासवर्ड मामालाही सांगायचा नाही.

हाच खेळ का, हे नोंदवून ठेवतो. फुकटात खेळायचा भाग मोठा आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून त्याच खात्यानं मोबाईलवरही चालतो. तिसरं कारण गावाच्या नेटचं आहे. हा खेळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्याला टिक म्हणतात. आपण मधे कधीही बोट लावलं तरी सर्व्हर ते पुढच्या ठोक्याला हिशोबात धरतो. ब्रिटनमधल्या जगाशी (जग म्हणजे खेळाचा एक सर्व्हर) जोडून मी मोजलं, निरोप जाऊन यायला १६० ते २०० मिलिसेकंद लागत होते. म्हणजे एका ठोक्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. गोळीबाराच्या खेळात एवढ्या वेळात माणूस मरतो. इथं मासा आपली वाट बघतो.

आता माझ्या जुन्या पात्राबद्दल. मूळ रुनस्केप ४ जानेवारी २००१ ला इंग्लंडमध्ये सुरू झाला. अँड्र्यू आणि पॉल गावर या भावांचं ते काम. पुढे खेळ बदलत गेला, आणि जुन्या खेळाडूंच्या मागणीवरून २२ फेब्रुवारी २०१३ ला ‘ओल्ड स्कूल’ वेगळा निघाला. तो ऑगस्ट २००७ च्या साठवलेल्या प्रतीवरून उभा केलेला आहे. ऑगस्ट २००७ मध्ये मी रोज खेळत होतो. म्हणजे माझ्या ओळखीचं जग तेच. पण प्रत जगाची होती, खेळाडूंची नव्हती. ओल्ड स्कूलमध्ये सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली. गाव जसंच्या तसं उभं आहे, त्यात माझं घर मात्र नाही. रात्री हे भाचीला सांगत होतो. तिनं विचारलं, “मग मामा, तुम्ही परत का चाललात?” तेव्हा उत्तर सुचलं नाही. नोंदींत पुढे कुठे मिळालं तर लिहीन.

२ मे

शिकाऊ बेट. तिला दीड तास लागला, मला पंचवीस मिनिटं.

नवख्याला या बेटावर एकेक जण एकेक कसब शिकवतो: जाळं टाकणं, झाड तोडून शेकोटी पेटवणं, मासा भाजणं, पाव करणं, कथील आणि तांबं खणून कांसं ओतणं, त्याचा खंजीर घडवणं, मोठा उंदीर मारणं. धातूपाशी भाची थांबली. “कथील आणि तांबं मिळून कांसं? आजीच्या ताटाचं?” आजीनं फडताळातून जुनं कांशाचं ताट काढून दाखवलं. वहीत ‘ब्राँझ’पुढे ‘कांसं’ लिहिलं, त्याची खात्री त्या ताटानंच दिली.

माझी २००६ ची आठवण इथं लिहितो, कारण वही तिथूनच निघाली आहे. मी अमळनेरहून जळगावला अप-डाऊन करायचो. कॉलेज सुटल्यावर स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत एक तास, पंधरा रुपये. तेव्हा खेळ ब्राउझरमध्येच चालायचा, काही उतरवून घ्यावं लागत नसे, म्हणून कॅफेवाल्याची हरकत नसायची. पहिल्या दिवशी बेटावर माझी पहिली कोळंबी जळली. माझं काही चुकलं असं वाटून मी बाजूच्याकडे बघितलं. मग पडद्यावर आलेलं वाचलं: जळणं चालायचंच, सरावानं कमी होईल. तेव्हा तो खेळ पहिली कोळंबी मुद्दाम जाळायचा. इंग्रजीतलं ते वाक्य मी डिक्शनरी न उघडता वाचलं, आणि ते माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. दहावीपर्यंत इंग्रजीनं मला फक्त मार्क दिले होते.

शब्द: कोळंबी. भाचीला हा शब्द पुस्तकातला वाटतो. आजी ‘झिंगे’ म्हणते, तापीकाठचे लोकही तेच म्हणतात. वहीत झिंगे.

४ मे

आचाऱ्याची क्वेस्ट, म्हणजे खेळातल्या पात्रानं सोपवलेली कामगिरी. पूर्ण संध्याकाळ गेली, आणि ती सार्थकी लागली.

लंब्रिज नावाच्या गावात किल्ला आहे, किल्ल्यात आचारी आहे. त्याला ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचा आहे आणि सामान नाही. अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं. जगभरच्या नवख्यांची पहिली क्वेस्ट बहुतेक हीच. मला ती अजूनही सुंदर वाटते, कारण तीत कोणाला मारावं लागत नाही, नुसतं गाव हिंडावं लागतं. कोंबड्या नदीच्या एका अंगाला, गाई पलीकडे, गिरणी उत्तरेला. तीन वस्तू गोळा होईपर्यंत गाव पायाखालून जातं.

पीठाचा भाग वहीत सगळ्यात अवघड. शेतातून गहू उपटायचा, गिरणीच्या वरच्या मजल्यावर न्यायचा, एका लाकडी खोक्यात ओतायचा, बाजूचा दांडा ओढायचा, खाली उतरायचं आणि भांड्यात पीठ भरून घ्यायचं. त्या खोक्याला इंग्रजीत ‘हॉपर’ आहे. मराठीत काय लिहू? मी ‘धान्य टाकायची पेटी’ लिहिलं होतं. वडील ओसरीवर बसून ऐकत होते, ते म्हणाले, “अरे, चाडं म्हण ना.” तिफणीवर बियाणं सोडायला असतं ते चाडं. वरून रुंद, खाली निमुळतं, दाणे आपोआप उतरतात. वस्तू वेगळी, काम तेच. चाडं लिहिलं. भाचीनं तिफण पाहिलेली होती, तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

ती भांडं न घेताच गिरणीवर गेली. पीठ तयार, भरायला काही नाही. परत किल्ल्यावर. मी ‘भांडं घे’ म्हणणार होतो, तेवढ्यात आजीनं जेवायला हाक मारली आणि राहून गेलं. दुसऱ्या खेपेला तिनं एकाऐवजी दोन भांडी घेतली. विचारलं, दोन कशाला? “एक कमी पडलं तर?” एकदा रिकाम्या हातानं परतलेल्या बाईचं हे शहाणपण आहे, आणि ते मी शिकवलेलं नाही.

बक्षीस: एक क्वेस्ट गुण आणि स्वयंपाकाचे ३०० अनुभवगुण. ताईला फोन करून सांगितलं तिनं.

५ मे

हिशोबाचं पान केलं. लेव्हल २ ला ८३ अनुभवगुण लागतात, लेव्हल २० ला ४,४७०, लेव्हल ४० ला ३७,२२४. सगळ्यात वरची ९९, तिला १,३०,३४,४३१. दर सात लेव्हलांनी ओझं साधारण दुप्पट होतं, म्हणून ९२ म्हणजे जेमतेम अर्धी वाट.

एक झिंगा भाजायचे नाही, पकडायचे १० गुण. नुसते झिंगे पकडले तर मासेमारीच्या लेव्हल २० पर्यंत ४४७ झिंगे. पिशवीत २८ जागा, एक जाळ्याला जाते, उरल्या २७. म्हणजे ड्रेनॉर गावाच्या काठावरून बँकेपर्यंत सतरा फेऱ्या. पान चांगलं झालंय, पण भाचीनं ते उलटून पुढे वाचलं.

शब्द: पिशवी. आधी ‘पडशी’ लिहिलं होतं. “मामा, असं कोण बोलतं?” खरं आहे. खोडलं.

११ मे

लागवडीच्या आधीचा हंगाम. दुकानात नळ्या, फिल्टर, जॉइंटर यांची रांग. पाच दिवस नोंद नाही. वही मात्र रात्री पुढे सरकत राहिली, ३८ पानं झाली. लंब्रिजहून वॅरॉक शहरात कसं जायचं, त्याचा नकाशाही काढला. पान १४ वर चौकटीत लिहिलं होतं: दक्षिणेच्या वाटेनं जाऊ नये, दगडांच्या वर्तुळात काळे जादूगार असतात, ते आपणहून हल्ला करतात, बार्बेरियन गावाकडून वळसा घ्यावा.

भाची अजून पान १४ वर पोचलेली नव्हती. मी दुकानात असताना ती सरळ रस्त्यानं निघाली.

घरी आलो तर ओसरीवर गर्दी. शेजारची दोन पोरं, आजी, वडील, आणि मधे ही मोबाईल घेऊन. जादूगारांनी तिला तिसऱ्या की चौथ्या माऱ्यात पाडलं होतं. मेल्यावर माणूस लंब्रिजला परत उभा राहतो. सगळ्यात किमती तीन वस्तू जवळ राहतात, बाकीच्या मेल्या जागी एका कबरीत, आणि ती कबर पंधरा मिनिटं टिकते. आजी विचारत होती, “मरी गयी ना? मंग आते काय करशी?”

“कबरीपर्यंत जाते.”

मी मधे पडलो नाही. तिला पळण्याची ताकद पुरेना, मधेच चालत जावं लागत होतं. पडद्यावर मिनिटं कमी होत होती. जादूगार कबरीच्या अगदी शेजारी. ती वर्तुळाबाहेर थांबली, त्यातले दोघे दुसऱ्या कुठल्याशा खेळाडूच्या मागे गेले तशी आत शिरली, कबर उघडली आणि वेशीकडे पळत सुटली. पाठीवर दोन तडाखे बसले. दहापैकी तीन जीव शिल्लक असताना वॅरॉकच्या दारातून आत. ओसरीवर पोरांनी टाळ्या वाजवल्या. कबरीत होतं काय, तर काही कच्चे झिंगे, कांशाची कुऱ्हाड आणि ते दुसरं भांडं.

जेवताना तिनं ही गोष्ट तीनदा सांगितली. आजीनं तीनदा ऐकली.

१२ मे

आज तिनं वही पुढ्यात घेतली आणि पान १५ पासून जसंच्या तसं केलं. वळशाची सुरक्षित वाट, मग सांगितलेल्या ठिकाणी सांगितलेलं काम. सगळं बरोबर झालं. वीस मिनिटांत मोबाईल ठेवून ती झोक्यावर गेली.

मी तिथंच बसून राहिलो. पान १४ वर माझे दोन तास गेले होते, आणि ते पान आधी वाचलं असतं तर कालची संध्याकाळ झालीच नसती.

१३ मे

रात्री सगळी वही पुन्हा वाचली. परत आलेल्या खेळाडूनं लिहिलेली ती वही आहे. प्रत्येक पानावर मी माझं एकेक जुनं नुकसान भरून काढतोय आणि त्या नादात तिचं पहिलेपण खर्च करतोय. शिकाऊ बेट मला पंचवीस मिनिटांत संपलं, याचा पहिल्या दिवशी मला आनंद झाला होता. आता वाटतं, त्यात आनंदासारखं काही नव्हतं. गिरणीत मी भांडं विसरलो नाही. जादूगारांना टाळून गेलो. मला कोणाला काही विचारावंच लागलं नाही, म्हणून इतक्या दिवसांत एकाही अनोळखी खेळाडूशी बोललो नाही. २००६ ला मी दर दहा मिनिटांनी कोणाला तरी विचारायचो.

वहीसाठी रेघ ओढली. खेळानं स्वतः मांडलेला धोका सांगायचा नाही. शब्द सांगायचे, पडद्यावरचे खटके कुठले कशाचे ते सांगायचं, कारण भाषेमुळे अडणं हा खेळाचा भाग नाही. आणि दुसऱ्या माणसाच्या कपटानं होणारं नुकसान मात्र आधी, ठळक, पहिल्याच पानांत सांगायचं. काळ्या जादूगाराकडून मेलेली पोर संध्याकाळी हसत जेवते. फसवलेली जेवत नाही, हे मला माहीत आहे.

नकाशे काढून टाकले. सात पानं कमी.

१८ मे

फसवणुकीचं प्रकरण. याला वेळ दिला.

२००७ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे अॅडमंट या खेळातल्या धातूचं पूर्ण चिलखत होतं. फुकट खेळणाऱ्या, रोज एकच तास मिळणाऱ्या पोरासाठी ती मोठी कमाई. कोळसा खणून आणि मासे विकून तीन महिन्यांत जमवलेलं. तेव्हा खेळात ग्रँड एक्स्चेंज हा बाजार नव्हता, तो नोव्हेंबर २००७ ला आला. माल विकायचा तर पहिल्या क्रमांकाच्या जगात वॅरॉकच्या पश्चिम बँकेपुढे उभं राहून ओरडायचं. तिथं एक जण म्हणाला, मी चिलखताला सोनेरी कडा लावून देतो, फुकट, ट्रिमिंग म्हणतात त्याला. तशी कड असलेली चिलखतं मी लोकांच्या अंगावर पाहिलेली होती. देवघेवीच्या खिडकीत मी माझं सगळं ठेवलं, त्याच्या बाजूला काही नव्हतं. दुसरी खिडकी आली, तीत स्पष्ट लिहिलेलं होतं की मला बदल्यात काहीच मिळणार नाही. मी होकार दिला. तो निघून गेला. कडा लावून देणारं कसब खेळात नाहीच.

त्या संध्याकाळी माझी गाडी चुकली. स्टेशनावर पुढच्या गाडीची वाट बघताना रडलो. घरी सांगता आलं नाही, कारण सांगायचं काय? जे गेलं ते घरच्यांच्या दृष्टीनं कधी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी त्याच बँकेपुढे मी हे लिहिलं, मोडक्या इंग्रजीत. एका खेळाडूनं मला बाजूला घेतलं. कुठल्या देशाचा, माहीत नाही. त्यानं आधी मला फसवण्याच्या चार तऱ्हा समजावल्या, मग मिथ्रिल या दुसऱ्या धातूचं चिलखत आणि शिजवलेले वीस लॉब्स्टर दिले. लेव्हल वाढली की तूही कोणाला तरी सांग, एवढं म्हणाला. त्याचं खेळातलं नाव मी पाठ केलं होतं. आता आठवत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

पहिल्या रात्री भाचीनं विचारलं होतं ना, परत का चाललात. त्याचं उत्तर इथं आहे असं वाटतं. ‘तूही कोणाला तरी सांग’ हे त्या खेळाडूचं सांगणं माझ्याकडून राहिलेलं आहे.

वहीत आता पान २ आणि ३ असं: चिलखत सजवून देतो, पैसे दुप्पट करून देतो, माझ्यामागे ये तुला खजिना दाखवतो, असं म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं. देवघेवीची दुसरी खिडकी शब्द न् शब्द वाचायची. वॅरॉकच्या उत्तरेला चर ओलांडला की वाइल्डरनेस, तिथं खेळाडू खेळाडूला मारू शकतो. तिथं कोणाच्या सांगण्यावरून जायचं नाही. स्वतःच्या मनानं जायचं तर खुशाल जावं. बँकेला पिन लावायचा.

नव्या फुकट खात्याच्या देवघेवीवर खेळानंच बंधनं घातली आहेत. २० तास खेळून झाले, १० क्वेस्ट गुण आणि एकूण १०० लेव्हल जमल्या की ती उठतात. वहीचे वीस तास मी त्यावरूनच धरले आहेत. ही राखण २००७ ला असती तर बरं झालं असतं.

१९ मे

वादळ, लाईट नाही. मोबाईलची चार्जिंगही संपली. ओसरीवर आजीनं जुन्या जात्याच्या गोष्टी सांगितल्या.

२५ मे

भाचीला लढाई फारशी आवडत नाही. मासेमारी आवडते. मी तिला तलवारीकडे ढकलत होतो, ते बंद केलं.

तिनं तिचं एक चक्र बसवलं आहे. लंब्रिजच्या कोंबड्या मारायच्या, पिसं गोळा करायची. पिसं एकावर एक बसतात, हजार झाली तरी पिशवीत जागा एकच. मासेमारीच्या लेव्हल २० ला ती पिसं गळाला लावून बार्बेरियन गावाच्या नदीत ट्राउट मिळतो. झिंग्याचे १० गुण तर ट्राउटचे ५०. लेव्हल ३० झाली की त्याच गळाला सॅमनही लागतो, त्याचे ७०. काठावरच शेकोटी, तिथंच भाजायचं. हे सगळं तिचं तिनं शोधलं. फक्त पिसं कशाला लागतात, हे काठावरच्या एका खेळाडूला विचारलं. विचारलेलं वाक्य दोन शब्दांचं होतं आणि उत्तर तीन शब्दांचं. तेवढ्यावर भागलं.

लेव्हल २० झाली तेव्हा काठावरच्या तिघांनी ‘जीझेड’ लिहिलं. तिनं घाबरून मला बोलावलं, काय म्हणतायत? अभिनंदन. ती काही वेळ पडद्याकडे बघत राहिली. “हे मला ओळखतात का?” नाही. वहीत बोलीचं पान वाढवलं: जीझेड, टीवाय म्हणजे आभार, एनपी म्हणजे त्यात काय एवढं, एएफके म्हणजे जागेवर नाही.

बँकेतला एक प्रकार समजावताना अडचण आली. बँकेतून मासे काढताना मासे न घेता त्यांची चिठ्ठी घेता येते. शंभर माशांची चिठ्ठी एका जागेत मावते, पण खाता येत नाही. इंग्रजीत ‘नोटेड’. भाचीला कळेना. मी गल्ल्यातून वडिलांची कापसाची काटापावती काढली. कापूस जिनिंगवर, हातात त्याचा कागद. “अच्छा, काटापावती!” वहीत तोच शब्द. ग्रँड एक्स्चेंजला मात्र ‘बाजार’ एवढंच ठेवलं. आपला भाव सांगून माल लावायचा, तेवढ्या भावाला घेणारा मिळेपर्यंत थांबायचं. फुकट खेळणाऱ्याला तीन जागा.

१ जून

इतिहासाचं पान काढून टाकलं. १९७८ ला एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ आणि बार्टल यांनी केलेला, नुसत्या अक्षरांवर चालणारा मड हा खेळ. १९९७ चा अल्टिमा ऑनलाइन. १९९९ चा एव्हरक्वेस्ट. मला हे प्रिय आहे, पण पहिल्या वीस तासांत त्याचं काम नाही. वेगळी वही करीन.

मतपेटीचा परिच्छेद ठेवला. या खेळात नवी गोष्ट घालायची की नाही यावर खेळाडू मत देतात आणि ७० टक्के होकार लागतो; २०२२ पर्यंत ७५ लागत. वडिलांना हे फार पटलं. आमच्या ग्रामसभेत हात वर करणारे मोजायलाही कोणी नसतं, म्हणाले.

८ जून

भाची गेली. सकाळच्या गाडीनं दोंडाईच्यापर्यंत सोडायला गेलो, पुढे शहाद्याची एसटी. वही तिच्या दप्तरात. ३८ पानांची आता ११ उरली: दोन पानं फसवणुकीची, एक खटक्यांचं, एक बोलीचं, सात शब्दांची. सात पानांत १६४ शब्द. त्यांतले साठ-सत्तर तिनं बदललेले आहेत.

गाडीत ती म्हणाली, शेवटी चार कोरी पानं का ठेवली? म्हटलं, तुझ्यासाठी.

परत येताना मोबाईलवर लंब्रिजला गेलो. माझे वीस तास अजून झालेले नाहीत, देता काही येत नव्हतं. किल्ल्याच्या आवारात एक नवखा भांडं शोधत होता. कुठे असतं ते मी सांगितलं नाही. कोणी चिलखत सजवून देतो म्हणालं तर देऊ नकोस, एवढं लिहिलं. त्यानं ‘टीवाय’ लिहिलं आणि स्वयंपाकघराकडे गेला.

१५ जून

शहाद्याहून फोन. उद्या शाळा उघडतेय. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीनं खातं उघडलंय, वही तिच्याकडे आहे. पीठ झालं, केक झाला, आणि काल ती वॅरॉकला निघाली.

“सरळ रस्त्यानं?”

“हो.”

“जादूगारांचं सांगितलंस?”

“नाही सांगितलं, मामा.”

मैत्रीण रुसली का, विचारलं. म्हणाली, दहा मिनिटं. मग कबर आणायला दोघी बरोबर गेल्या.

‘कबर’ हा शब्द वहीत घालायचा राहिला होता, तो तिनं कोऱ्या पानावर लिहून घेतला आहे. माझ्या प्रतीत आज मी लिहिला. एकूण शब्द १६५.